काशीनाथरावांचं ॲडव्हान्स बुकिंग

नविनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काशीनाथराव पावती पुन्हा एकदा वाचत होते. ते तलासरीला पुरवठा निरीक्षक. दर डिसेंबरात ग्राहक दिनाला शाळाशाळांतून 'पावती घ्या, हक्क मागा' असं भाषण देणारा माणूस. याच माणसाने चार महिन्यांपूर्वी जहाज चालवायच्या एका नव्या कॉम्प्युटर गेमसाठी साडेतीन हजार आगाऊ भरले होते. चोपन्नाव्या वर्षी आपण गेम खेळतो हे ऑफिसात कळू नये, म्हणून पावतीवर नाव घातलं होतं बायकोचं, वसुमतीबाईंचं.

आणि आता कंपनीने जाहीर केलं, गेम कॉम्प्युटरवर येणारच नाही. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरच येईल.

नविन आधी ऐकेना. ॲडव्हान्स परत होत नाही, त्याबदली हेडफोन घेऊन जा, म्हणाला. काशीनाथरावांनी आवाज न चढवता कायदा समजावला. कॉम्प्युटरवर चालणारी वस्तू कबूल केली होती. ती देता येत नसेल तर पैसे परत द्यायचे. खाली 'परत मिळणार नाही' छापलं म्हणून हक्क जात नाही. अर्ध्या तासाने नविनने हात टेकले.

"देतो साहेब. पण पावती वसुमतीबाईंची आहे, त्यांना घेऊन या. उद्या त्या म्हणाल्या पैसे मिळाले नाहीत, तर तुम्हीच माझ्यावर केस कराल."

मुद्दा बिनतोड होता.

डहाणूला घरी दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही; आपण गेम खेळतो हे बायकोलाही माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं, की भाचा समर्थ याच्यासाठी एक गेम मागवला होता, पावतीवर चुकून तुझं नाव पडलं. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या वसुमतीबाई दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बसने तलासरीला आल्या.

नविनने वही उघडली. "बाई, कुठला गेम होता? कंपनीला कळवायला लागतं."

काशीनाथराव पटकन पुढे झाले. गेमचं नाव त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं.

"'खोल दर्या', तिसरा भाग," वसुमतीबाई म्हणाल्या. "दुसऱ्यात भरतीचा हिशेब चुकीचा होता. यात सुधारलाय म्हणे." मग नवऱ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसला गेलात की घरी दुसरा भाग मी खेळते. तुमच्यापेक्षा सात बंदरं पुढे आहे."

नविन वहीत बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिला. पैसे हातात पडले, तसे वसुमतीबाईंनी ते काउंटरवर परत ठेवले आणि कन्सोल कितीला, हप्त्यावर मिळतो का, याची चौकशी सुरू केली. काशीनाथरावांना एकही कलम आठवलं नाही.

परतीच्या बसची वाट बघत दोघं हायवेवर उभे राहिले. पाचदहा मिनिटांनी काशीनाथराव हळूच म्हणाले, "ते धुक्यातलं बंदर... कसं पार केलंस?"

"इंजिन बंद करायचं आणि समोरच्याचा भोंगा ऐकायचा," वसुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसता आपलाच वाजवत बसता."