काजळी वाघीण कोणी लहान केली

कोसमघाटच्या जंगलातल्या जनावराचा फोटो ग्रुपवर टाकायला लहान केला, की ते जनावरही तेवढंच लहान होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. म्हणून इथे फोटो पाठवायचा तर मोठाच पाठवतात, मग फोन तापू दे नाहीतर बंद पडू दे. आणि चुकून लहान झालाच, तर ज्या फोटोतून जनावर लहान झालं त्याच फोटोतून ते पुन्हा मोठं करून ठेवतात. दुसरा फोटो चालत नाही.

तरी बाहेरचे हौशी लोक ऐकतील तर शपथ. मागे एकाने सांबराचा फोटो लहान केला आणि विसरला. ते सांबर पावसाळाभर गावच्या शेळ्यांत चरत होतं, आणि शेळ्यांनीही त्याला सांभाळून घेतलं. आणखी एका शहाण्याने नीलगायीच्या फोटोची रुंदी तशीच ठेवून उंची तेवढी दाबली. ती नीलगाय अजूनही बसल्यासारखी चालते.

पण वाघिणीला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती. म्हणून मोनाली नन्नावरेने काजळीला तळ्याच्या पाळीवर वासराएवढी पाहिली, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. मोनाली जंगलातली गाईड. काजळीने डोळे उघडले तेव्हापासून ती तिला ओळखत होती, डोळ्यांखालच्या काळ्या रेघेवरून हे नावही तिनेच ठेवलेलं. पर्यटकांना वाटलं, बछडा आहे. ते खूश झाले.

पुढच्या आठवड्यात काजळी कुत्र्याएवढी झाली. हरणं तिच्या शेजारी उभी राहून पाणी प्यायला लागली. मोनालीला ते बघवेना. त्याहून वाईट म्हणजे तळ्याच्या पलीकडे रानकुत्र्यांची टोळी आली होती आणि तिने अजून काजळीकडे नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. ज्या दिवशी पाहील त्या दिवशी सगळं संपलं.

मोनाली थेट रेंज ऑफिसात गेली. तिथल्या अधिकारी कुळमेथे मॅडम शांत बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याही लक्षात आलं आहे. लहान होणं रोज थोडं थोडं चालू आहे. म्हणजे कोणीतरी नेमाने करतंय."

"नेमाने? मुद्दाम?"

"नेमाने, एवढंच मी म्हणाले. शिवाय डाव्या कुशीवर लालसर चट्टे दिसतात. खरूज असावी."

मोनालीचा संशय आधी गेला डॉक्टर हरकऱ्यांवर. हे नागपूरचे दाताचे डॉक्टर. दर शनिवारी कॅमेरा घेऊन यायचे आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकायचे. असा माणूस काय करणार नाही? तिने त्यांना गेटवर, सगळ्यांसमोर गाठलं.

"काहून जी डॉक्टर, काजळीला लहान तुम्हीच करून राहिले ना?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "मॅडम, मी अख्खा फोटो पाठवतो. माझ्या ग्रुपवरचे लोक त्यापायी मला शिव्या देतात. हवं तर फोन बघा."

तिने बघितला. खरोखरच मोठे फोटो होते, आणि खाली खरोखरच शिव्या होत्या. पण मोनालीचं समाधान झालं नाही. इतका सरळ माणूस तिला आणखीच संशयास्पद वाटला. त्या दिवसापासून जिप्सीत कोणी फोन काढला की ती मान वळवून बघायची. चहाच्या टपरीवर कोणी स्क्रीनवर दोन बोटं जवळ आणली की ती चहा सोडून त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. कुळमेथे मॅडमचाही संशय तिला येऊन गेला, कारण इतकं शांत राहतं कोण?

घरी मात्र तिला हायसं वाटायचं. घरी फक्त बाबा. मुखरूजी नन्नावरे, निवृत्त पोस्टमन, साधा माणूस. जन्मभर लोकांच्या दारात वेळेवर गेले, आता वेळ खायला उठायचा.

त्या सकाळी ती डब्यात भाकर बांधत होती. काजळी आदल्या दिवशी मांजरीएवढी दिसली होती आणि रानकुत्री अलीकडच्या काठावर आली होती. बाबा ओसरीवर फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"काय करून राहिले बाबा?"

"टपाल परिवारच्या ग्रुपवर शुभ सकाळ टाकून राहिलो. तुझीच वाघीण टाकतो रोज. लोक विचारतात, मी सांगतो, माझ्या पोरीच्या हातचा फोटो आहे."

मोनालीच्या हातातला डबा तसाच राहिला. काजळी एकदा गावतळ्यावर पाणी प्यायला आली होती, तेव्हा तिने बाबांच्याच फोनवर तो फोटो काढून दिला होता.

"रोज तोच फोटो?"

"कालचाच पुढे ढकलतो. गुलाब लावलेले असतात, अक्षरं घातलेली असतात, मेहनत वाचते. मोठा जात नाही म्हणून फोनच तो बारीक करून घेते दरवेळी. मला काही करा लागत नाही."

"आणि पहिला? गुलाब नसलेला?"

"तो पुसला. फोन भरला होता ना." मग त्यांना पोरीचा चेहरा दिसला आणि ते हळूच म्हणाले, "लहान होऊन राहिली ती तळ्यावरची... ती हीच काय?"

मोनालीला त्यांचा राग आला आणि लगेच त्यांची इतकी दया आली की रागाचं काय करावं ते तिला कळेना. तिने बाबांना चपला घालायला लावल्या आणि ऑफिसात नेलं.

कुळमेथे मॅडमनी फोन कॉम्प्युटरला जोडला. फोटो करंगळीच्या नखाएवढा उरला होता. "मूळ फोटो नसताना वाढवलं तर जनावर पुसट येतं," त्या म्हणाल्या. "आणि फोटोवर जे आहे ते सगळंच वाढतं. चालेल?"

"जिवंत राहील ना?"

"राहील."

"मग वाढवा," मोनाली म्हणाली. मुखरूजी टोपी हातात घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला काजळी पाळीवर आडवी पडली होती. अख्ख्या वाघिणीएवढी. कडा जराशा विरलेल्या, पट्टे चौकोनी चौकोनी झालेले. रानकुत्री पाळीपर्यंत आली, थोडा वेळ थांबली आणि आल्या वाटेने निघून गेली. मोनालीने ओढणीने डोळे पुसले. मागच्या सीटवर डॉक्टर हरकरे कॅमेऱ्याची काच पुसत होते, पुन्हा बघत होते, पुन्हा पुसत होते.

तेवढ्यात काजळीने कूस बदलली. डाव्या अंगावर दोन लाल गुलाब होते. त्यांच्याखाली 'शुभ सकाळ', आणि त्याच्याही खाली, शेपटीपर्यंत, 'आपला मुखरू नन्नावरे, पोस्टमन (निवृत्त)'.

गाडीतल्या दोघातिघांनी रीतीप्रमाणे शुभ सकाळ म्हटलं.

"मुखरू कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

मोनालीने गेटवरची सगळी माणसं आठवली, ज्यांच्यासमोर ती डॉक्टरांवर ओरडली होती. "माझे बाबा," ती म्हणाली. "तुमची माफी मागायची राहिली आहे जी." डॉक्टरांनी मान हलवली आणि काजळीचा एक फोटो काढला. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी आपलं नाव टाकलं नाही.

आता संध्याकाळच्या गाड्या तळ्याकडे जात नाहीत. सांजवेळी वाघिणीने शुभ सकाळ म्हणणं बरं दिसत नाही, असं कुळमेथे मॅडमचं म्हणणं पडलं.

त्या दिवशी मोनाली घरी आली तेव्हा बाबा ओसरीवरच होते, फोन उशीखाली सरकवून रिकाम्या हातांनी बसलेले. तिने चहा ठेवला.

"मोना," त्यांनी विचारलं, "अक्षर वाचता येते काय?"

"येते बाबा," ती म्हणाली. "जरा पुसट आहे, पण येते."