उजवा डोळा धूसर

टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन दुकानात शिरली, तेव्हा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या कार्डावर ‘उजवा डोळा धूसर’ असं लिहीत होता.

“काका, देशभरातले वाचक मतं देऊन सगळ्यात लाडकं पुस्तक निवडताहेत. तुमचं कोणतं?”

चष्मेवाल्याची पंचाईत झाली. अख्ख्या गावाला वाचायचे चष्मे त्याने दिले होते, पण स्वतः शाळा सुटल्यापासून पुस्तकाच्या वाटेला गेला नव्हता. घरात वाचणारी एकटी बायको. भाजी करपली तरी पान संपल्याशिवाय उठायची नाही. तिच्या हातातल्या एखाद्या पुस्तकाचं नाव आठवावं, तर तेही आठवेना. समोर कॅमेरा रोखलेला. नजर कार्डावर गेली.

“उजवा डोळा धूसर,” तो म्हणाला.

“वा! कशाबद्दल आहे?”

“सांगण्यात मजा नाही. वाचायलाच हवं.”

एवढ्यावर निभावलं असतं, पण संध्याकाळी ते टीव्हीवर झळकलं. दुसऱ्या दिवशी शेजारचा औषधवाला भारावून आला. “काय आठवण करून दिलीत! कॉलेजात वाचलं होतं. शेवटाला ढसाढसा रडलो होतो.”

“शेवट काय होता हो?” चष्मेवाल्याने आशेने विचारलं.

“तेवढं आठवत नाही. रडलो होतो, एवढं नक्की.”

निवृत्त मुख्याध्यापकांनी तर भाषांतराला मुळाची सर नाही, असं सुनावलं. ग्रंथालयातल्या बाईंकडे रोज मागणी येऊ लागली. पुस्तक आपल्याकडे नाही म्हणायची लाज वाटून त्या “बाहेर गेलंय” सांगू लागल्या. मग तर मतांचा पाऊसच पडला.

घरी मात्र बायकोचा चेहरा उतरलेला.

“मी वाचलेलं कोणाला सांगावं, म्हणून इतकी वर्षं भिंतींशी बोलतेय,” चहा पुढे ठेवत ती म्हणाली. “आणि तुमचं आवडतं पुस्तक मला टीव्हीवरून कळावं?”

“अगं, विषयच निघाला नाही.”

“आता निघालाय. सांगा.”

चष्मेवाल्याने चहाचा घोट घेतला. “एक असतो... दीपगृहाचा राखणदार. त्याचा एक डोळा अधू होतो. पण नोकरी जाईल म्हणून कोणाला सांगत नाही. बायकोलासुद्धा.”

“मग?”

मग काय, रोज चहाबरोबर गोष्ट पुढे सरकू लागली. दुकान उशिरा उघडू लागलं. भिंगं घासताना त्याच्या डोक्यात समुद्र घोंगावायचा.

आणि एके दिवशी मतदानवाल्यांचा फोन आला. पुस्तक अंतिम फेरीत पोचलं होतं, पण लेखक सापडत नव्हता, प्रकाशक सापडत नव्हता. निदान त्याच्याकडची प्रत तरी मिळेल का? चष्मेवाला घामाघूम झाला. खरं सांगून मोकळा झाला, फोन ठेवला आणि तसाच बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

“असं पुस्तकच नाही गं. मी थाप मारली.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तुमच्या राखणदाराचा पाय सोमवारी मोडला आणि मंगळवारी तो धावत जिना उतरला, तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही थांबला असता.” तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. “मत दिलंय मी त्यालाच. आता बसा.”

चष्मेवाला बसला. दुकानाची किल्ली त्याने टेबलावर ठेवली.

“त्या पायाचं काय करू? बरा करू, का मोडकाच ठेवू?”

बायकोने किल्ली बाजूला सारली.

“मोडकाच राहू दे,” ती म्हणाली. “म्हणजे जिना चढताना तो बायकोला हाक तरी मारेल.”