लालबाग ते राजपुरा, खात खात

प्रल्हादनाना पाहुण्याला स्टेशनवरून थेट घरी आणत नाहीत. आधी सगळं शहर त्याच्या पोटात घालतात आणि मग उरलासुरला पाहुणा घरी आणतात.

आमच्या शहराचं स्टेशन लालबागला; तिथून राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत यायला ऑटोला काही फार वेळ लागत नाही. नानांच्या पाहुण्याचा अर्धा दिवस जातो. आम्ही रेशनच्या प्रश्नावर सभा घेतली, तेव्हा इंदूरहून वक्ते यायचे होते. मी पत्रकं वाटण्यात अडकलेली, म्हणून शेजारच्या नानांना स्टेशनवर पाठवलं. वक्ते मंचावर चढले ते शर्टाचं खालचं बटण सोडूनच. "भुकेलेला माणूस," एवढं बोलून त्यांनी जो ढेकर दिला, तो माईकने इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. पुढचं भाषण त्यांनी खुर्चीत बसून केलं, आणि थोडक्यात केलं.

मी नानांना फैलावर घेतलं. ते म्हणाले, "मग काय उपाशी माणसाला भुकेवर बोलायला लावतेस, नेताबाई?"

फेरी ठरलेली. स्टेशनाबाहेर पोहे आणि साधी जिलेबी. शनवाऱ्याच्या चौकात कचोरी. मग मावा जिलेबी, म्हणजे खव्याची, काळपट, जाडजूड, पाकात बुडालेली. "ती मघाची जिलेबी होती ना, तिची ही मोठी जाऊ," अशी नाना ओळख करून देतात. मग मांडे. हे पुरणाचे नव्हेत. उलट्या कढईवर भाजलेले, मैद्याचे, चादरीएवढे. नाना एक मांडा उचलून पाहुण्याच्या खांद्यावर उपरण्यासारखा धरून दाखवतात. शेवटी दराबा: रवा, तूप, साखर, हात गळून जाईपर्यंत फेटलेली. इथे पाहुणा हात जोडतो, आणि नाना ठेवणीतलं वाक्य काढतात, "अभी तो शहर लागलंच कुठं?"

स्वतः खात नाहीत. अर्धा चहा घेऊन बाजूला उभे राहतात आणि पुड्याचा कागद चिमटीत धरून चोळतात. सगळी नोकरी नेपानगरच्या कागद कारखान्यात गेली, ती बोटांतून अजून गेलेली नाही. माझं एक पत्रक वाचून त्यांनी अभिप्राय दिला होता, "मजकूर खारट आहे, पण कागद तेल चांगलं पितो." आणि त्यावर कचोरी ठेवली.

आणखी एक. नाना स्टेशनवर आणायला जातात, पोचवायला कधीही जात नाहीत.

कचोरीखाली गेलेलं ते पत्रक मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाविरुद्ध होतं. 'मुलगी म्हणजे बाजारातलं वांगं नव्हे' असा मथळा. नानांची भारती माझी मैत्रीण. आई ती शाळेत असतानाच गेली. नानांनीच भाकरी थापून तिला वाढवली. ती लग्नाची झाली तेव्हा रावेरकडचे नानांचे थोरले भाऊ एकामागून एक स्थळं पाठवू लागले. थोरल्यांनी आणलेल्या स्थळाला मुलीच्या बापाने नाही म्हणायचं नसतं. मुलीने तर नाहीच नाही. नकाराचा अधिकार फक्त मुलाकडच्यांना, आणि तेही सरळ नकार देत नाहीत. बशी ठेवतात, हात पुसतात, "कळवतो" म्हणतात आणि चपला शोधतात. याच्यावर मी आजही पत्रक काढीन.

स्थळ आलं की नाना स्टेशनवर हजर. दुपारपर्यंत ती मंडळी आमच्या गल्लीत पोचायची ती धापा टाकत. भारती ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत यायची, आणि पोह्यांच्या बश्या भरल्या तशा राहायच्या. एका मुलाची आई मुलगी न बघताच खुर्चीत झोपली. एका मुलाला भारतीशी बोलायची मुभा मिळाली. त्याने एकच प्रश्न विचारला, बाथरूम कुठं आहे. सगळे "कळवतो" म्हणून गेले. कुणीही कधी कळवलं नाही. भरल्या घरातून माणसं अशी अन्न टाकून उठतात याचा थोरल्यांना अपमान वाटायचा, ते त्या स्थळाचं नाव पुन्हा काढायचे नाहीत. गल्ली म्हणायची, या माणसाच्या खाऊ घालण्याच्या हौसेपायी पोरगी घरी बसणार.

मी नानांना विचारलं तर म्हणाले, "उपाशी पाहुणा जास्त बघतो, पोरी."

मला तेव्हा तो विनोद वाटला.

मग भोपाळचं स्थळ आलं. थोरल्यांनीच आणलेलं, पण या मुलाशी भारती महिनाभर फोनवर बोलत होती आणि फोन ठेवल्यावर उगाच भांडी घासत होती. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. ती नखाकडे बघत म्हणाली, "नाना, उद्या चारू नका."

नाना म्हणाले, "काहीच नको?"

"काहीच नको."

"स्टेशनवर चहा?"

"चहा घरीच देऊ."

दुसऱ्या दिवशी ऑटो सरळ गल्लीत आला. मुलगा प्रवासाने भुकेलेला होता. त्याने पोह्यांची बशी संपवली, दुसरी मागून घेतली, तीही संपवली. "कळवतो" म्हणालाच नाही, तिथंच हो म्हणाला. नाना आणखी पोहे आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेव्हा मला कळलं. ज्या घरात कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं, तिथं या माणसाने पोरीच्या वतीने कचोऱ्या आणि जिलेब्या घालून नाही म्हटलं होतं. माझ्या पत्रकाने एकही स्थळ परत गेलं नव्हतं.

भारती इथल्या शाळेत शिकवत होती. ती नोकरी सोडून भोपाळला गेली, तिथं दुसऱ्या शाळेत लागली. मुलगा भला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण गाडीत बसायचं ते दर वेळी मुलीनेच का, यावर मी पत्रक लिहायला घेतलं होतं. पहिलं वाक्य झालं. दुसरं अजून सुचलेलं नाही.

नानांची चूल त्यानंतर थंडावली. मेसवाला सकाळी दाराच्या कडीला डबा अडकवून जातो, तोच दोन्ही वेळा पुरवतात. पाहुण्यांच्या फेऱ्या मात्र वाढल्या. विमा विकायला आलेला माणूसही दराब्यापर्यंत जाऊन आला. डब्याचं भारतीला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती.

या हिवाळ्यात भारती नाशिककडचं लग्न आटोपून परत निघाली, तेव्हा वाटेत उतरली. जावयांना सुट्टी नव्हती. सकाळी उतरायचं, संध्याकाळची गाडी धरायची. नानांनी मलाही बरोबर घेतलं. पोहे, कचोरी, मावा जिलेबी, मांडे. ती सगळीकडे खात होती आणि नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. दराब्यापाशी तिने पाहुण्यासारखे हात जोडले.

"अभी तो शहर लागलंच कुठं?" म्हणत नानांनी नदीवरच्या राजघाटासाठी ऑटोला हात केलासुद्धा.

"नाना, घरी कधी जायचं?"

"घरी काय आहे?"

"मला घरचे पोहे पाहिजेत."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

डबा कडीलाच होता. भारतीने तो काढला, हातात जरा तोलला आणि आत नेऊन ठेवला. मग बाहेरच्या खोलीत येऊन, जिथं मुलाकडची माणसं बसायची त्या खुर्चीत बसली.

"आणा," ती म्हणाली.

आतून डबे पडल्याचा आवाज आला, फोडणीचा आला. मग नाना बाहेर आले. दोन्ही हातांत ट्रे, मान खाली, पाऊल जपून. ती यायची अगदी तसे.

भारतीने बशी घेतली. चेहरा गंभीर ठेवून विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

"थोडा थोडा," नाना म्हणाले.

मला हसू आवरेना. तीही हसली, आणि मान खाली घालून खात राहिली. पोह्यांत मीठ कमी होतं, शेंगदाणे घालायचे राहून गेले होते, आणि तिच्या पोटात अख्खं शहर बसलेलं होतं.

दारात ऑटोने हॉर्न दिला. नानांनी भिंतीकडे बघत विचारलं, "परत कधी येशील?"

भारतीने बॅग खांद्याला लावली. रजा, सासर, परीक्षा, सगळं तिच्या तोंडापर्यंत आलेलं दिसत होतं. त्यातून एकच शब्द बाहेर पडला.

"कळवते, नाना."

म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. क्षणभर ती उंबऱ्यातच थांबली. नानांनी मान हलवली, जा म्हणून.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळला. नाना आत आले, पण बशीकडे बघेनात. माझ्याकडे पाठ करून ट्रे पुसत राहिले.

"बघ गं जरा," म्हणाले, "संपवले का तिनं?"

मी बशी त्यांच्यापुढे धरली. एक दाणाही उरला नव्हता.