गुरुपादप्पांची समवर्ती सूची

चहात साखर कमी पडली तरी गुरुपादप्पा बायकोला काही बोलत नसत. "साखर राज्यसूचीत येते. केंद्रानं त्यात नाक खुपसायचं न्हाय," म्हणायचे आणि तो चहा निवांत पिऊन टाकायचे. नीलाक्कांचा साखरेचा हात किती आखडता होता ते मला विचारा. समोरच्या दारात राहून त्यांचा चहा मीही पुष्कळ प्यायलोय. तोंड वाकडं न करता हा माणूस तो पितो कसा, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

अप्पांचं सोलापूरच्या मंगळवार पेठेत भुसार मालाचं दुकान. तरुणपणी ते वकिलीच्या परीक्षेला बसले होते. बाकी सगळ्या पेपरांत उडाले, राज्यघटनेच्या पेपरात तेवढे पास झाले. त्या एका पेपरावर त्यांनी पुढं सगळा संसार केला.

घरातली वाटणी पक्की होती. दुकान, घरपट्टी आणि अक्कलकोटची सासुरवाडी, म्हणजे परराष्ट्र व्यवहार, हे केंद्राकडं. केंद्र म्हणजे अर्थातच ते स्वतः. स्वयंपाकघर, दूधवाला आणि मुलीचं शिक्षण राज्याकडं, म्हणजे नीलाक्कांकडं. पाहुणे आणि लग्नकार्य समवर्ती सूचीत, तिथं दोघांचाही अधिकार. कुठंच लिहिलेलं नसेल ते केंद्राचं. एकदा तांदळाच्या पोत्यात मांजर व्यालं, तेव्हा नीलाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे कुठल्याच सूचीत न्हाय की. काढा आता तुमी." बिचाऱ्यांनी एकेक पिल्लू उचलून माळ्यावर नेलं. अप्पांच्या म्हाताऱ्या आई राष्ट्रपती. मान सगळ्यांत मोठा, पण जे काही बोलायचं ते केंद्राच्या सल्ल्यानं.

शहात्तर साल संपता संपता पार्लमेंटनं घटना दुरुस्त केली आणि शिक्षण राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकलं. अप्पांनी पेपर वाचला आणि तीच दुरुस्ती घरात लागू करून टाकली. नीलाक्का भाकऱ्या थापत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये त्यांची एकुलती एक शकू बी.एस्सी. झाली आणि पुण्याला एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला. नीलाक्का म्हणाल्या, पोरगी जाणार. अप्पा म्हणाले, नाही जायची. "समवर्ती विषयात दोघांचे कायदे भिडले तर केंद्राचा टिकतो. तसं लिहिलंय."

घरात अबोला सुरू झाला. शकू सुजल्या डोळ्यांनी वावरायला लागली. शेवटी मला राहवलं नाही. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून म्हणालो, "अप्पा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. कायद्याचा कीस कशाला काढताय?"

"ती गेली तर घरात मी बोलू कुणाशी, साहेब?" अप्पा म्हणाले. "मला करमायचं न्हाय."

मग आपणहूनच म्हणाले, "एक वाट हाय. राष्ट्रपतींनी संमती दिली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा टिकतो."

ही वाट त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. नीलाक्कांना ती कुठून कळणार? यांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर शकू सोलापुरातच राहिली असती.

नीलाक्का दाराआड उभ्या होत्या. त्या तडक सासूबाईंकडं गेल्या. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकाला हाक मारली. "तुझा सल्ला काय रं? त्याबिगर मी कसं बोलू?"

आता आली का पंचाईत. इतकी वर्षं नावाला राष्ट्रपती असलेली म्हातारी नेमक्या वेळी नियमानं वागली. अप्पा टोपी काढून हातात फिरवत बसले.

"होगली बिडव्वा," ते कानडीत म्हणाले. जाऊ दे तिला, आई.

शकूला पुण्याच्या गाडीत बसवून आम्ही परत आलो. नीलाक्का चहा ठेवून आत गेल्या. अप्पांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"लई अगोड हाय हो," ते मला म्हणाले. "शकू रोज आईची नजर चुकवून माझ्या कपात साखर टाकायची."

थोड्या वेळानं त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि जन्मात पहिल्यांदा राज्याच्या कारभारात हात घातला. "अगं शकूची आई, जरा साखर घाल की."

नीलाक्का डबाच घेऊन बाहेर आल्या. कपात दोन चमचे साखर घालून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"ती दोनच घालायची," त्या म्हणाल्या. "मला काय दिसत नव्हतं व्हय?"