ओठ लपवणारा कोच

कॉलेजच्या प्रेसिडेंटने कोचला फसवलं. फिरवून सांगण्यात अर्थ नाही.

कोच म्हणजे वॉल्ट. अमेरिकेतल्या डब्लिनजवळच्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉल शिकवायचा. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तो इथला फुटबॉल. कॉलेजसमोरच माझं किराणा दुकान. मॅचमध्ये डाव सांगताना हे कोच कागदाने तोंड झाकतात, पलीकडच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. वॉल्ट माझ्याकडे समोसे मागतानाही झाकायचा.

"इथे कोण ऐकतंय?" मी विचारलं.

"ऐकत नाहीत. बघतात," कागदामागून उत्तर आलं.

माझी बायको वैतागायची. "वॉल्टभाऊ, चटणी तिखट की गोड, एवढं तरी उघड्या तोंडाने सांगा."

घासाघीस त्याला ठाऊकच नव्हती. मी भाव सांगितला की हा 'थँक यू' म्हणायचा. अशा गिऱ्हाइकाशी धंदा करायला मजा येत नाही, रागच येतो.

२००७च्या ऑगस्टमध्ये टीम बंद होणार अशी कुणकुण लागली. प्रेसिडेंट बासमती न्यायला आला तेव्हा मी त्याला पोत्यांमध्येच गाठलं आणि शब्द काढून घेतला: यंदा हरलेल्यांपेक्षा जिंकलेल्या मॅचेस जास्त झाल्या, तर टीम राहील, वॉल्टही राहील. वॉल्टसमोर त्याने माझ्या हातात हात दिला.

शेवटच्या मॅचवर सगळं येऊन ठेपलं. साडीवर माझा ओव्हरकोट चढवून बायको ओरडत होती, "अरे, पाय धर मेल्याचा!" पोरांनी धरला. जिंकले.

पुढच्याच आठवड्यात टीम बंद झाली. निर्णय म्हणे जूनमध्येच झाला होता. म्हणजे हात दिला तेव्हा याच्या पोटात सगळं होतं.

मी वकील शोधायला निघालो. वॉल्ट माझ्या दुकानात बसून दुसऱ्या कॉलेजांना फोन करत सुटला. "पळतो सावकाश, पण टिकतो. घ्या त्याला." मग थोडं ऐकून, "नाही, हे दोघे जोडीनेच. सुटे देणार नाही." मी थक्क झालो. माणूस चक्क घासाघीस करत होता.

"आणि तुझ्यासाठी कधी बोलणार?"

"आधी पोरं."

पोरं सगळी लागली. तोवर कोचच्या जागा भरून गेल्या. आता शनिवारी दुपारी, मॅचच्या वेळी, तो माझ्याकडे येतो आणि कोणी न सांगता डाळीची पाकिटं लावत बसतो.

प्रेसिडेंट अजून बासमती न्यायला येतो. या शनिवारी ये म्हणावं. वॉल्टसमोर उभा राहून सांग, की जूनमध्ये निर्णय झाला होता, तर ऑगस्टमध्ये माझ्या हातात हात का दिलास?