रामटेकेभाऊंच्या खारट कुंड्या

आमचे शेजारी रामटेकेभाऊ सकाळी उठून आधी माती चाटतात. चहा नंतर. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर अंगणातच प्रयोग मांडला. एका कुंडीत धान, दुसरीत ज्वारी, आणि दोन्हींना मिठाचं पाणी.

"दोघंबी गवताच्याच खानदानातले," ते समजावतात, "पन उन्हात अन्न बनवाची तऱ्हा येगळी. पानाले बारीक बारीक तोंडं रायते. ज्वारी तोंड कमी उघडते, पानी कमी पेते, मंग मीठबी कमीच जाते आत. धान भोळं. येईल ते पेते."

माणसांचीही ते अशीच वर्गवारी करतात. मी बडबडी, म्हणून मी धान.

ज्वारी तगली. पण धानही मरेना! भाऊंनी माती चाटली आणि डोळे बारीक केले. "कोनीतरी गोडं पानी टाकून राह्यलं."

झालं. दूधवाला, पोस्टमन, समोरची गाय, सगळे संशयित. फाटकात राख पसरून पावलं तपासली, नळाला दोरा बांधला. कॉलेजात मुलांपुढे हा प्रयोग दाखवायचा होता. जिथे आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचनळ्या धुतल्या, तिथे. रोज संध्याकाळी मला चहाला बोलावून उलटतपासणी चाले. "बाई, खरं सांगा, इकडं कोन आलतं?"

चोर मीच होते. भाऊ सकाळी बुद्धविहारात पेपर वाचायला गेले, की मी कुंपणावरून तांब्याभर पाणी ओतायची. माझं माहेर धानाच्या बांध्यांतलं. पिवळं पडणारं धान माझ्याच्यानं बघवत नाही. पण कॉलेजचा दिवस दोन दिवसांवर आला, तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली. चहा खाली ठेवून कबूल केलं.

"मले मालूम आहे," भाऊ म्हणाले. "पयल्याच दिवशी तुम्ही तांब्या कुंपनावर इसरल्या होत्या. मीच तुमच्या ओट्यावर नेऊन ठेवला."

"मग काऊन नाई बोलले, भाऊ? तुमचा प्रयोग बुडाला ना!"

"खरी कुंडी न्हानीमागं आहे. तिच्यातलं धान कवाचंच वाळलं. हे तुमच्यासाठी ठेवलं." ते बशीत चहा ओतत राहिले. वर पाहिलं नाही. "चोर सापडला असता, तर सांजच्याला इथी कोन आलं असतं, बाई?"