पॅसेजमधला टॉवर

रविवारी सकाळी नळ दुरुस्त करायला घेऊ नये, एवढी साधी गोष्ट कॅप्टनसाहेबांना कळली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जन्मभर विमानं उडवलेल्या माणसाला घरातला ठिबकणारा नळ म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. त्यातून घरात पाहुणे आलेले, आणि बायको म्हणाली होती, "प्लंबरला बोलवा." (बायको प्लंबरला बोलवा म्हणाली की कॅप्टनसाहेब हत्यारांची पेटी काढतात. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता आहे.) एक वायसर तर बदलायचाय, असं म्हणत ते मागच्या बाथरूममध्ये शिरले. बाहेर आले तेव्हा नळ त्यांच्या हातात होता, भिंतीत भोक होतं, भोकात जुन्या बनियनचा बोळा घट्ट कोंबला होता आणि बाथरूमला बाहेरून कडी होती.

"झालं का?" बायकोनं विचारलं.

"तात्पुरतं बंद ठेवलंय," कॅप्टनसाहेब त्यांच्या त्या खास शांत आवाजात म्हणाले. इंजिन बंद पडलं तरी प्रवाशांना 'थोडा उशीर होईल' एवढंच कळावं, असा तो आवाज. बायकोनं तो आवाज ओळखला, कपाळाला हात लावला आणि पुढच्या कामाला लागली. आता घरात एकच बाथरूम उरली होती आणि माणसं भरपूर. सासूबाई, मेव्हणी, साडू, माहेरी आलेली लेक. मेव्हणीच्या निवृत्तीचा दुपारी समारंभ होता, आणि जेवणाच्या आत सगळ्यांना न्हाऊनमाखून, इस्त्रीचे कपडे घालून निघायचं होतं.

कॅप्टनसाहेबांना मात्र त्याहून मोठी काळजी होती. आज त्यांची परीक्षा होती.

झालं होतं असं, की निवृत्तीनंतर साहेब कॉम्प्युटरवर विमान उडवायला लागले. हा उद्योग करणारे लोक जगभर आहेत. काही जण आपापल्या घरी बसून पडद्यावर विमान चालवतात, काही जण आपापल्या घरी बसून टॉवर सांभाळतात, म्हणजे कुणी कधी उतरायचं ते सांगतात. विमानं खोटी, पण नियम अगदी खरे, आणि भांडणं तर त्याहून खरी. साहेबांच्या क्लबात सगळे आपल्याच भाषेत बोलणारे होते. उडवण्यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथंच थांबायचं ना! पण नाही. नोकरीभर त्यांनी टॉवरवाल्यांच्या नावानं बोटं मोडली होती. "खाली खुर्चीत बसून 'थांबा, थांबा' म्हणायला काय लागतं?" हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणून एक दिवस ते टॉवरच्या परीक्षेला बसले आणि सपशेल आपटले.

परीक्षक एरवी दाताचा डॉक्टर होता आणि वयानं त्यांच्या लेकीएवढा. "कॅप्टन," तो नम्रपणे म्हणाला होता, "तुम्ही टॉवरमध्ये बसूनही एकच विमान चालवता. बाकीची आपापसात आदळली." दात काढतानाही तो इतक्याच नम्रपणे काढत असणार.

तेही एक वेळ चाललं असतं. पण साहेबांचा जुना को-पायलट, ज्यानं त्यांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं फक्त 'येस सर' म्हटलं होतं, तो पहिल्या फटक्यात पास झाला. आता तो टॉवरला असला की हवेतल्या साहेबांना सांगायचा, "तुम्ही थांबा, मी सांगेन." आणि नियमाप्रमाणे साहेबांना म्हणावं लागायचं, "येस सर." आजची परीक्षा ही शेवटची संधी होती. आज हुकली की टॉवरचं दार कायमचं बंद.

आता टॉवर म्हणजे काय, तर टेबल, पडदा, हेडफोन आणि पायाखाली एक पॅडल. पॅडल दाबलं की आवाज हवेत जातो. पण साहेबांच्या खोलीत सासूबाई उतरल्या असल्यामुळे हा सगळा टॉवर पॅसेजमध्ये हलवला होता, चालू बाथरूमच्या बरोब्बर समोर.

परीक्षा सुरू झाली. पहिली दोन विमानं साहेबांनी झोकात उतरवली. मग चारी दिशांनी गर्दी झाली. एक छोटं विमान रांगतंय, त्याच्या मागे एक अजस्र विमान धावतंय, तिसऱ्याला आत्ताच उतरायचंय, चौथा विचारतोय, "टॉवर, मी आहे हे लक्षात आहे ना?" आणि त्यात को-पायलटचा ओळखीचा आवाज, "टॉवर, मी केव्हापासून फिरतोय." साहेबांच्या कपाळावर घाम आला. धावपट्टी एक, आणि गिऱ्हाइकं दहा. आता काय करायचं बाबा?

त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे, अगदी हेडफोनमधूनही ऐकू येईल अशा आवाजात, बायकोनं सूत्रं हातात घेतली होती.

"सगळ्यांनी एकदम दारात यायचं नाही! ताई आत आहे. लेकी, तू पुढची, टॉवेल घेऊन दाराशी उभी राहा. ताईनं कडी काढली की तू आत. भावोजी, तुम्ही शेवटी."

"मी का शेवटी?" साडू दुखावून म्हणाले.

"कारण तुम्ही आत गेलात की अख्खं गाणं म्हणता. कडव्यांसकट. तुमच्यामागे कुणाला लावलं तर त्याचं वाटोळं होईल."

कॅप्टनसाहेबांचा हात हवेतच थांबला. नोकरीभर ज्या गोष्टीला ते नावं ठेवत आले, ती गोष्ट त्यांच्या घरात रोज सकाळी चालू होती आणि त्यांनी आजवर तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. त्यांनी पॅडल दाबलं.

"छोटं विमान, तुम्ही पुढचे, दाराशी... म्हणजे धावपट्टीशी येऊन थांबा. मोठे, तुम्हाला वेळ लागणार, तुम्ही लांबून फेरी मारून या. को-पायलट, तुम्ही शेवटी."

"मी का शेवटी?"

"मी सांगेन तेव्हा या," साहेब म्हणाले, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

मग काय, गाडी रुळावर आली. पाठीमागे कडी निघायची, समोर धावपट्टी मोकळी व्हायची. पाठीमागून "पुढचा!" अशी हाक यायची, साहेब इकडे "पुढचा!" म्हणायचे. विमानं एकामागोमाग एक अशी शहाण्यासारखी उतरायला लागली. साहेबांना स्वतःचाच अभिमान वाटू लागला. (तो त्यांना एरवीही वाटतो, पण आज निदान कारण होतं.)

आणि तेवढ्यात परीक्षकानं ठेवणीतला डाव टाकला. एक घाबरा आवाज आला, "टॉवर, इंधन संपत आलंय! मला आत्ताच उतरू द्या!" सगळे एकदम बोलायला लागले. मी बाजूला होऊ का, मी उतरू का, मी परत जाऊ का. साहेबांची बोबडी वळली. मागच्या वेळी ते इथंच बुडाले होते.

आणि काय योग पाहा, नेमक्या त्याच क्षणी सासूबाई काठी टेकत पॅसेजमध्ये आल्या. "मला जायचंय," त्या म्हणाल्या. "आत्ता."

पॅसेजमध्ये एकच गोंधळ उडाला. मग बायकोचा आवाज कडाडला. "कुणी बोलायचं नाही! आहात तिथेच उभे राहा, भिंतीला चिकटून! आतलं कोण आहे ते बाहेर या, साबण राहिला तरी चालेल! आई, तू सरळ चालत ये, इकडेतिकडे बघू नकोस!"

साहेबांनी पॅडल दाबलं. "कुणी बोलायचं नाही. आहात तिथेच थांबा, उंची सोडू नका. धावपट्टीवर कोण आहे, ताबडतोब बाहेर पडा. इंधनवाले, सरळ या, इकडेतिकडे बघू नका. धावपट्टी तुमची." तोच तो शांत आवाज, पण आज तो खरा होता. विमान टेकलं. मागे बाथरूमची कडी लागली. सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला.

"आणि पुढच्या वेळी," साहेब हवेतल्या हवेत त्या बिचाऱ्यावर गरजले, "निघण्यापूर्वी टाकी बघायची असते!"

शेवटी को-पायलट उतरला. मग परीक्षकाचा नम्र आवाज आला. "कॅप्टन, काम उत्तम. पण एक अडचण आहे. टॉवरमध्ये दुसरी व्यक्ती चालत नाही. तुम्ही दर वेळी पॅडल दाबलंत की मागून एक बाई सूचना देताना ऐकू येत होत्या. त्या कोणत्या विमानांना सांगत होत्या?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "विमानांना नाही हो. बाथरूमला."

"बाथरूमला?"

"आमच्याकडे पाहुणे आहेत. आणि एक बाथरूम... तात्पुरती बंद आहे."

एवढ्या मेहनतीनंतर बाथरूमपायी नापास व्हायचं, या विचारानं साहेबांना रडू यायचं बाकी होतं. तेव्हा को-पायलट बोलला.

"मी साक्ष देतो. मी त्यांच्याकडे राहिलोय. वहिनींनी मलाही शेवटचा नंबर दिला होता. ती बाथरूमच आहे."

परीक्षक, तो नम्र दातवाला, इतका खदखदून हसला की माइकवर त्याचा आवाज फाटला. "पास!" एवढंच त्याला म्हणता आलं. सगळ्या क्लबानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतून को-पायलट म्हणाला, "अभिनंदन. आजपासून पुन्हा येस सर."

कॅप्टनसाहेबांनी हेडफोन उतरवला. छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटायची. पॅसेज रिकामा होता, साडू सोडून बाकी मंडळी नटूनथटून दिवाणखान्यात बसली होती. "पास झालो!" ते ओरडले. लेकीनं मिठी मारली. बायको मनापासून हसली, म्हणाली, "माहीत होतं मला. आता आवरा लवकर."

साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला, ऐटीत बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. नळानं एक लांब उसासा टाकला. बस.

मागच्या बाथरूमची कडी काढली तेव्हा उलगडा झाला. बनियनचा बोळा कधीच निखळून पडला होता, भिंतीतलं भोक मजेत वाहून गप्प झालं होतं आणि वरची टाकी कोरडी ठणठणीत पडली होती.

"अहो," बायको दारात उभी राहून म्हणाली, "निघण्यापूर्वी टाकी बघायची असते ना?"

साहेबांनी घसरलेला टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला.

"शेजारी जा. मी सांगून ठेवलंय."

साबण, टॉवेल आणि कपड्यांची घडी घेऊन, नुकताच पास झालेला टॉवर जिना ओलांडून शेजाऱ्यांच्या दारात उभा राहिला. शेजारीणबाईंनी हसून आत घेतलं, बाथरूमकडे बोट दाखवलं. दार बंद होतं. आतून दणदणीत गाणं चाललं होतं. पाणी गेल्यावर बायकोनं साडूंना आधीच इकडे धाडलं होतं.

साहेबांनी दार वाजवलं. गाणं थांबलं.

"कोण?"

"मी आहे. किती वेळ?"

"अजून दोन कडवी आहेत," साडू आतून म्हणाले. "तुम्ही थांबा, मी सांगेन."

कॅप्टनसाहेब भिंतीला चिकटून उभे राहिले.

"येस सर," ते म्हणाले.